हवेत आवळलेला बोल्ट

फरशीवाल्याची गाडी फाटकातून आत आली तीच नाक वर करून. मोठी पांढरी सात सीटर, पुढून उचललेली, मागून बसलेली. थोरलीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. ही गाडी तिने याआधी कधी पाहिली नव्हती, पण पाहताक्षणी ओळखली. तिच्या बापाला घरी बसवणारी गाडी हीच.

"तुमच्या बहिणीच्या यजमानांनी हात टेकले बघा," फरशीवाला उतरता उतरता म्हणाला. "मागच्या स्प्रिंगा नव्या घातल्या, शॉकअप नवे घातले. गाडी काही सरळ व्हायला तयार नाही. अंधारात दिवे लावले की समोरचा शिव्या घालतो, उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो. रस्त्यावर नुसती आपटते. तुम्ही बघता का जरा?"

"बघते की," थोरली म्हणाली. चेहरा तिने दगडासारखा ठेवला होता, पण आत उकळ्या फुटत होत्या. देव देतो तर असं, आपल्याच दारात आणून देतो.

तिला सगळा धंदा थोरली म्हणायचा, कारण मिस्त्रींच्या दोन मुलींतली ती मोठी. मिस्त्री म्हणजे स्प्रिंगांच्या कामातला बाप माणूस. गाडी नुसती चालत येताना बघून कुठलं हाड दुखतंय ते सांगायचे. थोरली त्यांच्याच हाताखाली शिकली. आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आणखी एका माणसाने धाकटीशी लग्न केलं. तिथून घात झाला. आधी जावईबापू मिस्त्रींच्या गॅरेजच्या गल्ल्यावर बसले, मग ऑफिसात काच लागली, मग म्हणे बाईमाणूस गाडीखाली शिरलेलं गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. थोरली पाना आपटून बाहेर पडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. ते तिने गिळलं. आपल्यावरचं माणूस गिळतं.

बापावरचं मात्र तिच्या घशात अडकलं होतं. या फरशीवाल्याच्या गाडीच्या पुढच्या आर्मची, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांची, रबरी बुशं मिस्त्रींनी बदलली, आणि गाडी नाक वर करून परत आली. झालं. जावयाने भर गॅरेजमध्ये, कामगारांच्या आणि गिऱ्हाइकाच्या देखत, म्हाताऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला. "बाबा, आता पुरे. हात चालत नाही तर घरी बसा. लोकांच्या जिवाशी खेळ नको." काढून घेतला, मागितलासुद्धा नाही. मिस्त्री हात पुसून बाहेर पडले. संध्याकाळी पिशवीत दोन कपडे घेऊन थोरलीच्या दारात उभे राहिले, आणि तेव्हापासून शेडमागच्या खोलीत खिडकीशी बसून होते. शेडमध्ये पाऊल नाही. नट खाली पडल्याचा आवाज आला तरी मान वळवायची नाही. ज्या माणसाला झोपेतसुद्धा नटाचा नंबर कळायचा, तो माणूस.

आणि धाकटी? तिने तोंड उघडलं का? नवऱ्यासमोर तिची बोबडी वळते. तेव्हा तिच्या संसाराची काळजी करायला थोरली बांधील नव्हती, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

जेवायला बसल्यावर तिने बापाच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "बाबा, फरशीवाल्याची गाडी आलीय."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"कुठली फरशीवाल्याची?"

"तीच. आता बघा तुम्ही. त्याने काय उद्योग करून ठेवलाय ते मी शोधून काढते आणि त्याच्याच कामगारांसमोर त्याच्या थोबाडावर मारते."

"जाऊ दे ती गाडी," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे पाठव."

"का म्हणून?"

"जाऊ दे म्हटलं ना."

म्हातारा घाबरलाय, थोरलीला वाटलं. किती मोडून ठेवलंय माझ्या बापाला त्या मेल्याने. तिचा राग आणखी दोन पायऱ्या चढला.

दुपारी मिस्त्री आडवे झाले आणि ती कामाला लागली. वाकडी गाडी समोर आली की अर्धे मेकॅनिक लगेच स्प्रिंगा खोलतात. मिस्त्रींची शिकवण वेगळी होती. आधी एकच प्रश्न विचारायचा: मागची बसलीय, की पुढची उठलीय? दोन्ही लांबून सारखंच दिसतं. जो हा प्रश्न विचारत नाही तो सुखाने गिऱ्हाइकाचे नवे पार्ट घालत बसतो. जावईबापूंनी तेच केलेलं दिसत होतं. म्हाताऱ्याला घालवूनही गाडी सरळ होईना, तेव्हा फरशीवाल्याच्या डिकीत नमुन्याच्या फरश्यांची खोकी असतात, म्हणून गाडी मागून बसली, असा त्यांचा हिशेब. सोपा आणि चुकीचा.

तिने खोकी उतरवली. चारी टायरची हवा सारखी केली. गाडी सपाट जमिनीवर चार हात पुढे, चार हात मागे ढकलून घेतली, चारी कोपरे दाबून तिला उड्या मारायला लावलं, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी मोकळ्या बसतात. मग टेप घेतला. जमिनीपासून मोजायचं नाही, टायर फसवतं. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. मागची दोन्ही मापं कंपनीच्या आकड्याला चिकटून. पुढची दोन्ही मापं वर, चांगली दोन बोटं वर, डावी उजवी सारखीच.

म्हणजे मागची बसलीच नव्हती. पुढची उठली होती.

थोरली हसली. पुढच्या स्प्रिंगा बरोबर होत्या, त्यांच्यावरच्या रंगाच्या खुणा तिने तपासल्या. राहिली बुशं. हे रबर असं असतं की ज्या स्थितीत बोल्ट आवळाल तीच स्थिती ते आपली घरची समजतं. गाडी वर टांगलेली असताना, चाकं लोंबत असताना आवळलं, की रबर जन्मभर त्या लोंबत्या जागेकडे ओढत राहतं, आणि गाडी खाली उतरली तरी नाक खाली येत नाही. म्हणून मिस्त्रींचा नियम होता: गाडी स्वतःच्या पायावर उभी राहिल्याशिवाय शेवटचा आवळ द्यायचा नाही. हा नियम त्यांनी पोरीला अक्षरओळखीच्या आधी शिकवला होता. आणि तो आवळ दिला की ते नटावरून थेट लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचे, शेवटी बारीकशी वळवून. कोणी नंतर नट फिरवला तर रेघ तुटणार. पण फिरवतो कोण? मिस्त्रींची रेघ दिसली की त्या नटाला सगळ्या धंद्यात कोणी हात लावत नसे.

जावयाने लावला असणार. काहीतरी खुडबुड केली असणार, गाडी लिफ्टवर टांगून हवेत आवळलं असणार, आणि बिल फाडलं म्हाताऱ्याच्या नावावर. आता फक्त तुटलेली रेघ बघायची बाकी होती. थोरलीने गाडी शेडमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली, बॅटरी घेऊन खाली उतरली आणि डाव्या नटावर उजेड मारला.

रेघ अख्खी होती.

तिने कापडाने चिखल पुसला. नटावरून लोखंडावर सरळ, न मोडता, शेवटी बारीकशी वळलेली. उजव्या बाजूला गेली. तिथेही तीच. धूळ बसलेली, जुनी, जशी ओढली तशी.

थोरली खड्ड्यात उकिडवी बसली. बापानेच आवळलं होतं. हवेत आवळलं होतं, आणि वर रेघ ओढली होती.

आधी तिला बापाचा राग आला. मग राग आला त्या माणसाचा, जो खरं बोलला होता. खोटं बोलणाऱ्याला ठेचता येतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? पुढचे पार्ट न बघता, अंदाजाने, मागच्या स्प्रिंगा बदलत बसला होता गाढव, आणि तरी बरोबर निघाला होता. आता तो असाच ताठ मानेने फिरणार आणि म्हातारा असाच खिडकीशी बसून मरणार.

नाही, ती स्वतःशी म्हणाली. चूक दाखवायची काही रीत असते की नाही? बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आणि गॅरेजमधला खड्डा कोणी बुजवला? यानेच. सिमेंट ओतून वर चकचकीत लिफ्ट बसवली. खड्ड्यात उभं राहून उभ्या गाडीचा नट आवळत आयुष्य गेलेल्या माणसाने आता काय करायचं, गाडी खाली उतरवून पोटावर सरपटत जायचं? त्या गुडघ्यांनी? तिला सगळं चित्र दिसलं. आणि ते दिसल्यावर आपण काय करणार आहोत तेही तिला कळलं.

तिने पाना लावला आणि डावा नट सैल केला. रेघ कट्कन तुटली. रबराने आवाज करून पीळ सोडला आणि गाडीचं नाक त्या बाजूने हळूच खाली आलं. उजवा सोडला. गाडी सरळ झाली. काम तर इथेच संपलं होतं. शेवटचा आवळ द्यायचा, फरशीवाल्याला फोन करायचा.

तिने जॅक लावला. पुढची बाजू उचलली, चाकं लोंबू दिली, आणि दात आवळून दोन्ही नट हवेत आवळले. आयुष्यात पहिल्यांदा. हाताला ते इतकं परकं वाटलं की पाना मध्येच एकदा निसटला आणि बोटाचं साल निघालं. गाडी खाली सोडली तेव्हा नाक पुन्हा वर होतं, जसं सकाळी आलं होतं तसं. फक्त आता दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या.

मग तिने फरशीवाल्याला फोन केला. "रोग सापडला. उद्या सकाळी या, आणि जावईबापूंना घेऊन या. त्यांची माणसंही असू द्या. तुमच्या गाडीला काय झालं ते सगळ्यांना कळायला हवं."

फरशीवाल्याला एवढंच हवं होतं. त्या माणसाच्या पोटात तीळ भिजत नसे, आणि जावयावर तर तो आधीच खार खाऊन होता.

सकाळी जावई आला तो इस्त्रीच्या शर्टात, मागे दोन जुने कामगार. दोघेही मिस्त्रींच्या हाताखाली वाढलेले, त्यामुळे शेडमध्ये शिरताना मान खाली घालूनच शिरले. "काय ताई," जावई म्हणाला, "आम्हाला शिकवणी लावायचा विचार आहे का?"

"शिकलास तर बरंच आहे," थोरली म्हणाली.

ती आत गेली आणि बापाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. मिस्त्री नको नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही. खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून त्यांना बसवलं. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याने बघायला नको?

मग तिने सगळं दाखवलं. टेप लावून मागचं माप दाखवलं, पुढचं दाखवलं. "मागची बसलीच नव्हती. तू नव्या स्प्रिंगा कुठल्या आनंदात घातल्यास?" फरशीवाला खिंकाळल्यासारखा हसला. जावयाचे कान लाल झाले. "आता खाली उतर आणि नट बघ. तुम्हीही उतरा रे दोघं. मिस्त्रींची रेघ ओळखता ना?"

तिघे खाली उतरले.  थोड्या वेळाने एक कामगार हळूच म्हणाला, "तुटलीय."

"दुसरी बघ."

"तीही तुटलीय."

"म्हणजे मिस्त्रींनी आवळल्यावर कोणीतरी नट फिरवलाय," थोरली म्हणाली. एकेक शब्द ती चवीने बोलत होती. "फिरवून हवेत आवळलाय. आणि मिस्त्रींनंतर ही गाडी तुमच्याच दारात उभी होती. माझ्याकडे काल आली, ती आली तेव्हाच नाक वर करून आली. साहेब, आली होती ना?"

"आली होती," फरशीवाला म्हणाला. "मी साक्षीदार."

जावई खड्ड्यातून वर आला, मागून कामगारही आले. शर्टाला ग्रीस लागलं होतं. "मी पुढच्या नटांना हातच लावला नाही," तो म्हणाला. "रेघ होती म्हणून तर नाही लावला. विचार यांना."

त्याने कामगारांकडे पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. गोड. इतकं गोड थोरलीने गेल्या कित्येक वर्षांत काही चाखलं नव्हतं. हा माणूस खरं बोलत होता आणि त्याच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता. असंच तर बसवायचं होतं त्याला, भर चौकात, बोलती बंद करून. धाकटीला संध्याकाळपर्यंत कळेल. परवापर्यंत सगळ्या धंद्याला कळेल.

"म्हाताऱ्या माणसाच्या हातातला पाना काढून घेताना," ती म्हणाली, "आधी स्वतःचे हात बघायचे असतात."

जावयाने कपाळावरचा घाम पुसला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "बाबा," तो मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "माझ्या लोकांपैकी कोणी केलं असेल तर... मला माहीत नाही. पण मी तुम्हाला बोललो ते चुकलं. उद्यापासून या गॅरेजवर. तुमची पेटी तशीच आहे, कोणी उघडली नाही."

थोरलीने डोळे मिटून घेतले. झालं. फिटलं सगळं.

"बॅटरी दे," मिस्त्री म्हणाले.

"कशाला बाबा? बघितलं ना सगळ्यांनी."

"बॅटरी दे."

एकेक पायरी धरून म्हातारा खड्ड्यात उतरला. मदतीला पुढे झालेल्या कामगाराला त्याने हातानेच मागे सारलं. खालून उजेड हलताना दिसत होता, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि तिथेच थांबला.  काल तिने नटाभोवतीचा चिखल पुसला होता. तुटलेल्या जागी रंग ताजा होता, पिवळाजर्द, त्याखाली लोखंड कोरं. जावयाने काही ते टिपलं नव्हतं. पण जावई म्हणजे मिस्त्री नव्हे.

"थोरले," खालून आवाज आला. "बोटाला काय लागलं तुझ्या?"

तिने हात मागे घेतला.

"या तुटलेल्या जागेवर धूळ नाही," मिस्त्री म्हणाले. ते कोणावर ओरडत नव्हते, पण शेड लहान होती. "ही रेघ काल तुटली. माझ्या पोरीने तोडली. मी आवळला तेव्हापासून कालपर्यंत या नटाला कोणी शिवलेलं नव्हतं."

"बाबा, तुम्हाला आठवत नसेल—"

"मला चांगलं आठवतंय. रोज आठवतंय. गाडी लिफ्टवर होती. खाली घेऊन आत शिरायचं तर गुडघे वाकेनात. म्हटलं, एवढी वर्षं नियम पाळला, एकदा चालून जाईल. हवेत आवळला आणि वर रेघही ओढली, म्हणजे कोणी विचारायला नको. हात चुकला असता तर मी पुन्हा पाना धरला असता गं. हात चुकला नव्हता."

 जावई काठाशी उभा होता. त्याला खरं तर आता मान वर करता आली असती, पण त्याने केली नाही.

मिस्त्रींनी खालूनच त्याच्याकडे पाहिलं. "तू खरं बोललास. पण माझ्या हाताखालच्या पोरांसमोर, परक्या माणसासमोर बोललास. त्याचं मला लागलं, आणि लागलंय ते राहील." मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं.  "मी एकदा हवेत आवळलं ते कंटाळून," ते म्हणाले. "तू मुद्दाम आवळलंस. तेही मी शिकवलेल्या हातांनी."

थोरलीला वाटलं, ओरडून सांगावं, तुमच्यासाठी केलं. पण ते तरी पूर्ण खरं होतं का? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला बापाचा चेहरा एकदाही दिसला नव्हता. दिसत होता तो जावयाचा, लाल झालेल्या कानांसकट.

"नट सोडा," मिस्त्री म्हणाले. "गाडी पायावर येऊ दे."

कामगारांनी खाली उतरून नट सैल केले आणि ते वर आले. गाडीचं नाक खाली आलं, सरळ झालं. कोणी वाहवा केली नाही. मिस्त्रींनी पाना हातात घेतला, नटाला लावला आणि जोर दिला. पाना घसरला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घसरला. थोरली खड्ड्याच्या पायरीवर एक पाय ठेवून पुढे झाली, हात पुढे केला.

मिस्त्रींनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि पाना तिच्यावरून वर, जावयाकडे धरला.

"ये खाली. तू आवळ."

जावई शर्टासकट खाली उतरला. मिस्त्रींनी थोरलीच्या हातात बॅटरी दिली. खड्डा अरुंद होता. तिघांना तिथे एकमेकांना न शिवता उभं राहायला जागा नव्हती. ज्या माणसाला तिला मातीत घालायचं होतं त्याच्या खांद्याशी खांदा लावून ती उभी राहिली. राग गेला होता का? छे. राग तसाच होता, फक्त आता त्याला काढायला जागा उरली नव्हती.

जावयाने नटावर पाना बसवला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "उजेड जरा डावीकडे."

तिने उजेड डावीकडे केला.